बिननावाच्या फिल्मवर माझा अभिप्राय

६ जानेवारी

मी दैनंदिनी फक्त लढाईच्या काळात लिहिते. संप होता तेव्हा लिहिली, ग्रंथालय वाचवायला निघालो तेव्हा लिहिली, लेकीनं आम्हाला न विचारता नोकरी सोडली तेव्हाही बरीच पानं भरली. मधली वर्षं कोरी. शांततेच्या काळात लिहायचं तरी काय? दूध आलं, दूध नासलं?

आज नवी लढाई सुरू झाली आहे आणि शत्रूचं नाव आहे ‘छान’.

टाचणी आली होती. माझी जुनी विद्यार्थिनी. अंगानं बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून वक्तृत्वाच्या वर्गात असल्यापासून टाचणी. ती आणि तिच्यासारखे काही जण मिळून एक मंडळ चालवतात. प्रयोग म्हणून छोट्या छोट्या फिल्म करायच्या, एकमेकांना दाखवायच्या आणि अभिप्राय द्यायचा. गोष्ट नसली तरी चालते म्हणे, नट नसले तरी चालतात. घोडं अडलंय ते अभिप्रायापाशी.

“बाई, कुणी काही बोलतच नाही हो,” ती म्हणाली. “दिवे लागले की सगळे ‘छान’ म्हणतात आणि चहाकडे पळतात. करणारा बिचारा घरी जाऊन डोकं धरून बसतो. छान म्हणजे काय? छान, पुढं कर? की छान, आता पुरे?”

मी म्हटलं, छान म्हणजे पाहुण्याला दारातच पाणी पाजून वाटेला लावणं. ज्यानं महिनोन्‌महिने राबून काही केलं त्याला आपण खरं बोलणं देणं लागतो. खरं बोलणं बोचलं तर बोचू दे. हे म्हणताना मी उभी राहिले होते, हे मला टाचणीच्या मान वर करण्यावरून कळलं. तिनं बैठकांचं अध्यक्षपद देऊ केलं आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी ते घेतलं.

मौनी कोपऱ्यात बसून ऐकत होता. मौनी म्हणजे माझा नवरा. निवृत्त होईपर्यंत तो कानाच्या दवाखान्यात होता. मऊ भिंतींच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानाला यंत्र लावायचं, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगायचं. घरी आला तरी तो त्या खोलीतून बाहेर पडलेला नसे. नाव मी ठेवलं आणि त्याला ते बसलं.

“काका, तुम्हीही या बाईंबरोबर,” टाचणी जाताना म्हणाली. त्यानं मान हलवली. दोघं कशाला तरी हसले. दोघांचं गूळपीठ जमलंय हल्ली. माझ्या भाषणांच्या जुन्या कॅसेटी तो संगणकावर उतरवून घेतोय, माझ्या पुस्तकासाठी. आवाज कापायचा-जोडायचा कसा ते टाचणीनं त्याला शिकवलं. मागच्या खोलीत दिवसदिवस बसतो. अजून एकाही भाषणाचा कागद माझ्या हातात आलेला नाही.

१७ जानेवारी

पहिली बैठक. मंडळ एका मोटार शिकवणाऱ्या शाळेच्या वर्गात भरतं. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते, टेबलावर एक सुटं स्टिअरिंग. ‘पुढे वळण आहे’ या पाटीखाली पडदा लावतात.

टाचणीनं नियम वाचले. फिल्मवर नाव नसतं. करणारा आपल्यातच बसलेला असतो, पण त्यानं तोंड उघडायचं नाही. बघणाऱ्यानं आधी काय पाहिलं, काय ऐकलं ते सांगायचं. मग काय कळलं नाही ते. मत सगळ्यात शेवटी. ‘असं करा’ कुणीही म्हणायचं नाही. एक फिल्म फार तर तीनदा दाखवता येते, दर वेळी हवी तशी बदलून. मार्चअखेर सभागृहात जाहीर खेळ आहे. तिथे तीन वेळा या चाळणीतून गेलेल्याच फिल्म जाणार. नियम मला आवडले. समोर कोण आहे हे माहीत नसलं तरच माणूस खरं बोलतो, असं मी म्हणालेही.

आजची फिल्म. एका टेबलावर पाण्याचा पेला. पाणी थरथरतं आहे, कुणीतरी टेबलाला हात लावल्यासारखं. मग माइकची जाळी, इतकी जवळून की चाळणीच वाटावी. मग सभागृहातली पहिली रांग आणि तिच्यात एकच रिकामी खुर्ची. आणि आवाज कसला? श्वास. बाई की बुवा कळत नाही, कुणीतरी श्वास आत घेतं. बस. सोडत नाही. पुन्हा घेतं. कधी लहान, कधी मोठा, कधी मध्येच तुटलेला. शेवटपर्यंत एक शब्द नाही.

दिवे लागले. दवाखान्यात काम करणारी एक परिचारिका आहे, ती म्हणाली, “हा आजारी माणसाचा दम नाही. आमच्या वॉर्डात मी रोज ऐकते. हा कुणीतरी धडधाकट माणूस आहे.” एक तरुण आर्किटेक्ट आहे, तो बराच वेळ हनुवटी खाजवून म्हणाला, “मला त्या खुर्चीचं वाईट वाटलं.”

मग मी उठले.

“तोंड उघडायचं, हवा आत घ्यायची आणि बोलायच्या वेळी पळून जायचं!” मी म्हणाले. “हा भित्रेपणा आहे. भित्रेपणाला प्रयोग म्हणू नका. ज्याला काही सांगायचं आहे त्यानं सांगावं. शब्द घाला यात, शब्द!”

“बाई, ‘असं करा’ नाही म्हणायचं,” टाचणी हळूच म्हणाली.

“नियम पोराटोरांसाठी असतात.”

कुणी हसलं नाही. पण कुणी ‘छान’ही म्हणालं नाही. पहिली फेरी मी जिंकली.

इथे खरं लिहायला हरकत नाही. फिल्म चालू असताना मला कसंतरीच होत होतं. व्यासपीठावर आपलं नाव पुकारलं की पोटात गोळा येतो ना, तसं. काय म्हणायचं ते उभी राहीपर्यंत माझं ठरलेलं नव्हतं. उभी राहिले आणि वाक्यं आली. वाक्यं आली की मी त्यांच्या मागून जाते. त्यांनी मला आजवर भलत्या गावी नेलेलं नाही. बहुधा.

१८ जानेवारी

आज आश्चर्य. चहा पिताना मौनी आपणहून बोलला.

“काल तुला नेमकं कुठं खटकलं?”

मी कप खाली ठेवला. या माणसानं माझ्या असंख्य सभा पहिल्या रांगेत बसून ऐकल्या, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन, पण ‘नेमकं’ म्हणून कधी काही विचारलं नाही. मी त्याला अर्धा तास समजावलं. तो ऐकत राहिला. मध्येच म्हणाला, “म्हणजे शब्द असते तर चाललं असतं?”

“धावलं असतं!”

“हं,” म्हणाला आणि मागच्या खोलीत गेला. मंडळाचा त्याच्यावर चांगला परिणाम होतो आहे.

फिल्म त्या आर्किटेक्टची असणार. स्वतःच्याच खुर्चीचं वाईट वाटून घेत होता.

२ फेब्रुवारी

लेकीचा फोन. तिला बैठकीची हकिगत कुणी सांगितली कोण जाणे.

“आई, तू त्या फिल्मला भित्री म्हणालीस?”

“होतीच.”

“जरा जपून बोलत जा ना ग.”

“का म्हणून? खरं बोलायला आता परवानगी काढायची?”

“तुला माहीत तरी आहे का ती...” आणि थांबली. “जाऊ दे. बाबांना दे फोन.”

तिकडे दोघं बराच वेळ बोलत होती. म्हणजे ती बोलत असणार आणि हा ‘हं’ करत असणार. परत आला तेव्हा डोळे पुसत होता. म्हटलं काय झालं, तर म्हणे धूळ. कॅसेटींवर धूळ साठतेच. पुसून ठेव म्हटलं.

१४ फेब्रुवारी

दुसरी बैठक. तीच फिल्म, आता शब्दांसकट.

पण कसले शब्द! पेला दिसतो आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत उमटतं, ‘बोलण्याआधी माणूस एकटा असतो.’ माइक दिसतो, ‘प्रत्येक शब्दाआधी एक दरी असते.’ रिकाम्या खुर्चीवर, ‘ऐकणं हेही एक काम आहे.’ शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी खडूनं लिहितात त्यातले सुविचार!

“हे कुणी सुचवलं यांना?” मी विचारलं.

“बाई, तुम्हीच,” आर्किटेक्ट म्हणाला.

“मी शब्द म्हणाले होते, सुविचार नव्हे! हे म्हणजे शिंप्याला बटण लाव म्हटलं तर त्यानं कोटभर बटणं लावली. ही कुणाची तरी उसनी अक्कल आहे. या माणसाला स्वतःचं बोलताच येत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

परिचारिका म्हणाली, “मला आधीचीच बरी वाटली होती. तेव्हा मी नुसती ऐकत होते. आता वाचत बसले.”

टाचणी माझ्याकडे अशी बघत होती की मी तिला शिकवत असताना ती कधी तशी बघायची नाही.

येताना मौनी रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चालला. मी म्हटलं इकडे ये, सावली आहे. म्हणाला, ठीक आहे मी इथे.

१९ फेब्रुवारी

मागच्या खोलीचं दार लावलेलं. संगणकावर चादर टाकलेली. पुस्तकाचं काय झालं विचारलं तर म्हणाला, “थोडं थांबलंय.” मी म्हटलं, हाती घेतलेलं काम असं टाकतात का? तर त्यानं कपाटातली सगळी हत्यारं काढली आणि बेसिनचा नळ उघडला. नळ गळत नव्हता. आता गळतो.

२३ फेब्रुवारी

टाचणी तणतणत आली. मौनी भाजी आणायला गेला होता.

“ती श्वासांची फिल्म मागे घेतली,” तिनं सांगितलं. “तिसऱ्यांदा आणणार नाही म्हणतात. म्हणजे जाहीर खेळातून गेली. आणि मला वाटतं, पुन्हा हातही लावणार नाहीत कशाला.”

“का?”

“म्हणाले, ज्यांना ऐकू जावं म्हणून केली त्यांनाच ऐकू गेलं नाही. आता कुणाला दाखवू?”

“पळपुटेपणा!”

“बाई,” ती म्हणाली, आणि मला वाटलं ही आता रडणार, “मंडळात आलेली ती सगळ्यात चांगली फिल्म होती. या वयात पहिल्यांदा काही करतोय माणूस. त्याचं त्याला माहीत नाही आणि तुमचं तुम्हाला माहीत नाही.”

काय माहीत नाही, विचारलं तर म्हणे नियम आहे, सांगता येत नाही. आर्किटेक्ट फार तर तिशीचा. ‘या वयात’ म्हणजे काय? टाचणीचं बोलणं हल्ली डोक्यावरून जातं.

पण एक सांगते. माझ्या अभिप्रायानं कुणी काम सोडलेलं मला चालणार नाही. मी माणसं उभी करायला बोलते, बसवायला नाही.

२४ फेब्रुवारी

सकाळीच आर्किटेक्टच्या कचेरीत गेले. तो पुठ्ठ्याचं घर कापत होता.

“मैदान सोडू नकोस,” मी दारातूनच म्हणाले.

त्याच्या हातातली सुरी खाली पडली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी का सांगेना. वाईट झालं म्हणून टाकायचं नसतं. वाईटच पुरं करायचं. अर्धवट टाकलेल्या कामापेक्षा पुरं झालेलं वाईट काम शंभर पटींनी बरं, त्याला निदान शिव्या तरी देता येतात. माझ्यासारखी कुणी चार शब्द लागट बोलली म्हणून माघार? तिला काय कळतं? तिलाही सगळंच कळतं असं नाही. तिच्या नाकावर टिच्चून कर!”

त्याचा चेहरा लाल झाला. त्यानं ड्रॉवरमधून एक कागद काढला आणि टराटरा फाडला. म्हणाला, “बाई, आजच राजीनामा देणार होतो. आमच्या साहेबीण बाई फार लागट बोलतात हो. पण तुमचं पटलं.”

मी बाहेर आले तेव्हा माझ्या डोक्यात सगळा काला झाला होता. फिल्मचं नाव त्यानं एकदाही काढलं नाही.

घरी मौनीला सगळं सांगितलं. त्यानं मात्र काहीच मजेत घेतलं नाही. “काय म्हणालीस, पुन्हा सांग,” म्हणाला. मी सांगितलं. “तिलाही सगळंच कळतं असं नाही, असं म्हणालीस?”

“बोलण्याच्या भरात म्हणाले.”

“हं.”

२५ फेब्रुवारी

मागच्या खोलीचं दार उघडं. चादर घडी करून ठेवलेली. पुस्तक पुन्हा सुरू झालं वाटतं. नळ अजून गळतोय.

७ मार्च

काय झालं ते क्रमानं लिहिते, कारण मला कळलेलं नाही.

तिसरी बैठक. टाचणी दारातच म्हणाली की श्वासांची फिल्म आली आहे. मी आर्किटेक्टला डोळ्यानं शाबासकी दिली. तो गोंधळून मागे बघायला लागला.

फिल्म लागली. सुविचार गेले. पेला, माइक, खुर्ची तेच. पण आधी बराच वेळ पडदा काळा आणि नुसते श्वास, एकामागून एक, ओळीनं लावलेले. लहानापासून मोठ्यापर्यंत. शेवटचा इतका मोठा की आता काहीतरी कोसळणार असं वाटलं, आणि तिथे पेला आला. मला पुन्हा जानेवारीतल्यासारखं कसंतरीच झालं.

दिवे लागले. मी उठले. बोलायला म्हणून तोंड उघडलं.

आणि सगळे हसले.

मी अजून काही बोललेच नव्हते! परिचारिकेनं दोन्ही हात तोंडावर धरले. आर्किटेक्ट “अरे बापरे” म्हणाला. टाचणी हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हसणं कुत्सित नव्हतं, ते मला कळतं. सभेनं टर उडवलेली मी अनुभवली आहे. हे वेगळंच होतं. लहान मूल पहिल्यांदा उभं राहिलं की घरातली माणसं हसतात तसं. मी चष्मा तपासला, केस तपासले. सगळं जागच्या जागी.

मौनी एकटा हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता. कानाच्या खोलीत माणूस बटण दाबतो की नाही याची वाट बघत असावा तसा.

मला काय बोलायचं होतं ते मी विसरले. आयुष्यात पहिल्यांदा. “बघू,” म्हणाले आणि खाली बसले.

८ मार्च

टाचणीला फोन केला. “का हसलात?”

“बाई, मी नाही सांगू शकत.”

“नियम ना? खड्ड्यात गेला नियम.”

“खड्ड्यात गेला तरी मी नाही सांगणार. पण एक करा. तुम्ही भाषणाची तयारी करता तशी करा, आणि ती फोनवर उतरवून ऐका. शब्द सोडून ऐका.”

शब्द सोडून माझ्या भाषणात उरतं काय?

मौनी बाहेर गेला होता. मी आरशासमोर उभी राहिले, फोन कंगव्याशेजारी ठेवला आणि काल बुडालेला अभिप्राय दिला. मग ऐकला. पहिल्यांदा शब्दच ऐकले, बरे होते. दुसऱ्यांदा ‘पण’ च्या आधी थांबले. पुन्हा लावलं. ‘म्हणूनच मी सांगते’ च्या आधी. पुन्हा.

तो श्वास मी जानेवारीपासून ऐकते आहे.

मागच्या खोलीत गेले. संगणकाला हात लावला नाही. दुसऱ्याच्या कामात मी डोकावत नाही. पण कॅसेटी समोरच होत्या, त्याच्या बारीक अक्षरांतल्या चिठ्ठ्या लावलेल्या. संप. ग्रंथालय. पाण्याची सभा. लेकीच्या शाळेतलं बक्षीस समारंभाचं भाषण. सगळं माझं. हा माणूस माझ्या पुस्तकासाठी शब्द उतरवून घेत नव्हता. शब्द फेकून देत होता. दाणे टाकून टरफलं गोळा करत होता.

आणि ते सगळे काल ओळखून बसले. माझ्याशिवाय.

आता हे काय समजायचं? तोंडावर थोबाडीत मारली की... की काय? पुढचा शब्द मला मिळत नाही. मी ज्याला भित्रा म्हणाले तो इतके आठवडे माझ्यासमोर बसून चहा पीत होता. नेमकं कुठं खटकलं, विचारत होता.

९ मार्च

त्याच्याशी बोलले नाही. दुपारी त्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

११ मार्च

तो इस्त्री करत होता. मी समोर खुर्ची घेऊन बसले.

“ती फिल्म तुझी आहे.”

इस्त्री थांबली नाही. “हो.”

“ते श्वास माझे आहेत.”

“हो.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“नियम आहे.”

“नवरा-बायकोत कसला रे नियम?”

“तिथे नवरा-बायको नव्हते. समोर कोण आहे हे माहीत नसलं तरच माणूस खरं बोलतो, म्हणालीस. मला खरं ऐकायचं होतं.” त्यानं बाही उलटली. “ऐकलं.”

“ही तक्रार आहे का? जन्मभर हिची बडबड ऐकली, आता हिचे शब्दच कापून टाकतो, असं? सूड उगवलास?”

“आधी काय ऐकलंस ते सांग. मत नंतर.”

“मला वाटतं...”

त्यानं बोट वर केलं. “मत.”

“कुठल्याही माणसाला असं वाटेल की...”

“मत.”

असं तीनचारदा झालं. मी संतापले. सभेत मला कुणी असं अडवलं असतं तर त्याला घरचा रस्ता दाखवला असता. शेवटी डोळे मिटले आणि तो काळा पडदा आठवला.

“एक बाई आहे,” मी म्हणाले. “ती श्वास घेते. पुन्हा घेते. समोर खूप माणसं असावीत.” आणि मग माझ्या तोंडून जे आलं ते मी ठरवलेलं नव्हतं. “ती घाबरलेली आहे.”

त्यानं इस्त्री उभी करून ठेवली.

“मला तेवढंच ऐकू यायचं,” तो म्हणाला. “बाकीचं काय, सगळ्या सभागृहाला ऐकू जायचं.”

पंखा फिरत होता. तोच पुढे बोलला. “जेवढी खात्री कमी, तेवढा श्वास मोठा. ग्रंथालयाच्या सभेत ‘आपण जिंकणारच’ म्हणालीस ना, त्याच्या आधीचा सगळ्यात मोठा. शेवटी तोच लावलाय.”

“आपण हरलो होतो.”

“ते मला श्वासातच कळलं होतं.”

“मग तेव्हा का नाही बोललास?”

“तू बोलत होतीस.” तो किंचित हसला. “त्याच्यापेक्षा मोठा एकच ऐकलाय. मोटारीच्या शाळेतला. ‘हा भित्रेपणा आहे’ म्हणालीस, त्याच्या आधीचा. तेव्हा माझ्याकडे रेकॉर्डर नव्हता.”

बाईमाणूस म्हणून इथे रडावं अशी परंपरा आहे. मला रडू आलंही. पण त्याबरोबर दुसरंही काही आलं, आणि मी तोंडावर हात ठेवून ते परतवू शकले नाही.

“फिल्म अजून कच्ची आहे,” मी म्हणाले.

“काय?”

“सगळे श्वास माझे. ऐकणारा कुठाय? पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी दाखवलीस. ती कधी रिकामी होती रे? एक सभा सांग. तिथे तू असायचास. हे मला खोटं वाटलं. मत नाही हे. हे मी पाहिलं.”

“दर वेळी!” तो ओरडला. मौनी ओरडला. समोरच्या इमारतीतली खिडकी उघडली. “दर वेळी तुला काहीतरी कमीच! शब्द नाहीत म्हणून शिव्या, शब्द घातले म्हणून शिव्या! माणसानं किती वेळा तेच तेच कापायचं? तुला एकदा, एकदा तरी, नुसतं गप्प बसून... आणि ते सुविचार मला आवडले होते!”

हे बोलून तो तरातरा बाहेर गेला. चपला राहिल्या म्हणून परत आला, घातल्या आणि पुन्हा तरातरा गेला. सदरा फळीवर तसाच, एक बाही गरम.

मी काय केलं हे? बरोबर केलं की नाही? इतकी वर्षं एकत्र राहून हे आमचं पहिलं भांडण, कारण भांडायला दोघं लागतात. मी घाबरले होते, आणि सांगायला लाज वाटते, पण आनंदही झाला होता. या दोन गोष्टी एका वेळी होतात हे मला माहीत नव्हतं.

१२ मार्च

बोलणं नाही. त्यानं चहा केला, दोन कप.

टाचणीचा फोन त्यानंच घेतला. जाहीर खेळासाठी फिल्म रविवारी द्यायची आहे. तो म्हणाला, “देतो.” मग माझ्याकडे पाठ करून म्हणाला, “एक गोष्ट बदलायची आहे.”

१४ मार्च

दुपारी मागच्या खोलीतून हाक आली. “येतेस का जरा?” या खोलीत त्यानं मला पहिल्यांदाच बोलावलं.

खुर्ची आता रिकामी नव्हती. तो तिच्यात बसला होता. परवा त्यानं टाचणीला बोलावून चित्रित करून घेतलं म्हणे. मांडीवर टेपरेकॉर्डर. अवघडून बसला आहे, गुडघे जवळ घेऊन, मान जराशी पुढे.

“अडचण झालीय,” तो म्हणाला. “ऐकणाऱ्याचा आवाज हवा म्हणून माझ्यासमोर माइक ठेवला आणि तुझी जुनी भाषणं लावली. पण तू श्वास घेतलास की माझा थांबतो. तू बोलायला लागेपर्यंत मी तो धरूनच ठेवतो. मलाच माहीत नव्हतं. म्हणजे माझा आवाजच नाही काही. तुझा श्वास, आणि मग नुसती शांतता. लोकांना वाटेल आवाज बिघडला.” त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. “ती शांतता इथे कापू? की पुरी राहू देऊ?”

मी तोंड उघडलं. शांततेबद्दल माझ्याकडे पाचपन्नास वाक्यं तयार आहेत, दोन्ही बाजूंनी. एकही पुढे आलं नाही.

“मला कळत नाही,” मी म्हणाले.

तो वळून बघायला लागला. “खरंच?”

“खरंच कळत नाही रे.”

“मलाही. म्हणून तर तुला बोलावलं.”

“परत लाव.”

स्टुलावरच्या कॅसेटी मी खाली ठेवल्या आणि स्टूल त्याच्याशेजारी ओढलं. त्यानं खिडकी लावली. पडदा काळा झाला. ती बाई श्वास घ्यायला लागली. मग तो आला, खुर्चीतला, मान पुढे करून. मोठा श्वास आला तेव्हा पडद्यावरच्यानं आपला धरून ठेवला आणि माझ्या शेजारच्यानंही. त्या वेळी मी काय करत होते ते मला लिहिता येणार नाही. माझं लक्ष तिकडे होतं.